रविवारची उपासना नुसती सवय होऊ नये म्हणून आपल्या मंडळीत काय केले जाते?

प्रश्न : उपासना समितीचा सभासद, नगर जिल्हा

सर्वांना ख्रिस्तात सलाम. आमची मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, जुन्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतली आहे आणि १९७० मध्ये प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या एकीकरणातून झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये आली. रविवारी सव्वाशे ते दीडशे माणसे येतात, तेव्हा उपस्थितीबद्दल तक्रार नाही. मात्र गेल्या महिन्यात माझ्या पुढच्या बाकावरील एका आजींनी उपदेश चालू असतानाच रुमालाची गाठ सोडून अर्पणाची नोट काढली, चष्मा डबीत ठेवला आणि पिशवी मांडीवर घेतली, कारण पाळकसाहेब "शेवटी एवढेच सांगतो" असे म्हणाले की आणखी किती मिनिटे उरतात, हे त्यांना अनेक वर्षांच्या अनुभवाने पाठ झाले आहे. मला हसू आले, आणि त्याच क्षणी माझाही हात खिशात गेलेला आहे हे माझ्या ध्यानात आले.

समितीत दोन तट आहेत. तरुण संघाला कीबोर्ड, ड्रम, पडदा आणि हिंदी-इंग्रजी कोरस, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायची छोटी गीते, हवी आहेत, तर वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की 'उपासना संगीत' या आपल्या गीतपुस्तकाला हात लावू नका. आम्ही महिन्यातील एक रविवार तरुणांकडे दिला. पहिल्या खेपेस मंडळी भारावून गेली, पण तिसऱ्या खेपेपर्यंत त्याच तीन ओळी, तेच मिटलेले डोळे आणि त्याच ठरावीक जागी वर जाणारे हात दिसू लागले. म्हणजे जुन्या सवयीच्या जागी नवी सवय आली, एवढेच. उपासनेचा तमाशा न करता तिच्यात जिवंतपणा कसा टिकवावा, याविषयी अनुभवाचे बोल हवे आहेत.

उत्तर १ : कीबोर्डवादक, पिंपरी

तरुणांच्या बाजूने एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे गीतांचे क्रमांक लिहिलेली चिठ्ठी उपासना सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी माझ्या हातात पडत असे. चाल कोणती, पट्टी कोणती, किती कडवी गायची, हे सारे पहिल्या ओळीवरच ठरायचे, आणि मग मंडळी एकीकडे व पेटी दुसरीकडे. आम्ही पाळकसाहेबांना विनंती करून गुरुवारी रात्रीपर्यंत यादी मागवून घेऊ लागलो आणि शनिवारी तासभर सराव करू लागलो. त्या तासात आधी गीत नुसते वाचतो, वाजवतो नंतर. यादी वेळेवर मिळाली असती, तर आम्हांला ड्रम मागण्याची गरजच वाटली नसती, असे आता वाटते.

उत्तर २ : निवृत्त शिक्षिका, सोलापूर

वडीलधाऱ्यांचे प्रेम मला समजते, पण ज्या गीतांना ते हात लावू देत नाहीत, ती गीते एके काळी बंडखोरीच होती, हे त्यांना कोणी सांगितले आहे काय? सुरुवातीच्या मिशनरी काळात इंग्रजी गीतांची भाषांतरे विलायती चालींवर गाइली जात, आणि मराठी शब्दांवर नको तेथे आघात पडून अर्थाचा चोळामोळा होई. नगरच्या कृष्णा रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन आणि देशी चालीची पदे रुळवली, आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांना मंडळीत मानाचे स्थान दिले. टाळ-मृदंग चर्चमध्ये कसे चालतील, असे त्या काळीही काहींना वाटलेच असणार.

आता त्याच अभंगांचे आपण काय करतो ते पाहा. वेळ नाही म्हणून "पहिले आणि शेवटचे कडवे गाऊ या" असे जाहीर होते. पण मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या चरणांनी विचार पायरीपायरीने चढत जातो; आरंभी शंका असते, मध्ये झगडा असतो आणि अखेरीस शरणागती येते. मधला झगडा गाळून शरणागती गायली, तर ती कोणाच्या मनाला भिडणार? दोनच गीते घ्या, पण पूर्ण गा. दुसरे असे की आपण सारी गीते रडक्या, ओढत्या लयीत गातो आणि त्याला गांभीर्य समजतो. माझे वडील ढोलकीवर हीच भजने भरभर म्हणत असत, आणि आमच्या ओट्यावर शेजारची वारकरी मंडळीही येऊन टाळ धरत.

आम्ही आमच्या मंडळीत दर रविवारी एका गीताविषयी दोन मिनिटे बोलतो. 'करुणाकर', 'पतितपावन' या शब्दांचा अर्थ इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या मुलांना ठाऊक नसतो. तो सांगितला की ती मुले गातात. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांना आत्म्याने आणि बुद्धीनेही गाईन असे लिहिले, त्यातील बुद्धीचा भाग आपण सोडून दिला आहे.

उत्तर ३ : वसईकर

मी कॅथोलिक आहे, त्यामुळे आमची रचना निराळी आहे, तरी रोग तोच आहे. माझ्या आईच्या तरुणपणी मिस्सा, म्हणजे आमची मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. वेदीवर धर्मगुरूंचे चाललेले असे आणि बाकांवर बायका रोझरीचे मणी ओढत असत. कॅथोलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये लोकभाषेला वाट मोकळी करून दिली आणि लोकांचा सहभाग पूर्ण, सजग व कृतिशील असावा असे सांगितले. मराठी मिस्सा आली तेव्हा आईला रडू कोसळले होते, असे ती सांगते. पण माझी पिढी जन्मापासून मराठीच ऐकत आली, आणि कळणाऱ्या भाषेतही माणूस न ऐकता बसू शकतो, हे आम्ही सिद्ध करून दाखवले.

आमच्याकडे फरक पडला तो वाचकांमुळे. पूर्वी वाचक पुढे येऊन पाने चाळत असे आणि 'नबुखद्नेस्सर'सारखे बायबलमधील अवघड नाव आले की अडखळत असे. आता वाचक तो उतारा आठवडाभर आधी घरी मोठ्याने वाचतो, आणि वाचून झाल्यावर अर्धा मिनिट कोणीही काही बोलत नाही. सुरुवातीला त्या शांततेत लोक खोकत असत, माइक बंद पडला की काय म्हणून मागे वळून पाहत असत. ते सरावायला दोन महिने लागले. नवीन वस्तू एकही विकत घ्यावी लागली नाही.

उत्तर ४ : एक पाळक, मराठवाडा

प्रश्नातील "शेवटी एवढेच सांगतो"च्या उल्लेखाने मीही थोडा ओशाळलो. आम्हांला अभिमान असतो की आम्ही छापील प्रार्थना वाचत नाही, हृदयातून करतो. मी एकदा माझी मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी केलेली, प्रार्थना फोनवर ध्वनिमुद्रित करून घरी ऐकली. सहा मिनिटांत 'हे प्रेमळ स्वर्गीय पित्या' चौदा वेळा आले होते, आणि आजारी, प्रवासी, विधवा, राज्यकर्ते हा क्रमही दर आठवड्याचाच. पुस्तक नसताना मी पुस्तकच वाचत होतो! छापील प्रार्थना निदान कोणी विचार करून लिहिलेली असते.

तेव्हापासून शनिवारी दोन-तीन घरी जातो आणि रविवारी तेथे ऐकलेल्या गोष्टी प्रार्थनेत आणतो : बोअर आटलेली आहे, मुलीचे नर्सिंगचे शुल्क भरायचे आहे, भावाभावांत बांधावरून बोलणे बंद आहे. आजाराचे किंवा घरातील भांडणाचे नाव घेण्यापूर्वी मात्र त्या कुटुंबाला विचारतो, कारण एकदा न विचारता बोललो आणि ते घर तीन रविवार आले नाही.

पुनरुक्तीलाच दोष देऊ नये, असेही वाटते. बायबलमधील स्तोत्र १३६ मध्ये 'त्याची दया सनातन आहे' हे सव्वीस वेळा येते, पण प्रत्येक वेळी त्याच्या आधी नवी घटना असते. कधी सृष्टी, कधी तांबडा समुद्र, कधी अरण्य. कोरसात नेमके तेच नसते. धृपद राहते आणि घटना गळून जाते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काल समितीपुढे हे सर्व वाचून दाखवले. गीतांची यादी गुरुवारी देणे आणि गीत पूर्ण गाणे, या दोन गोष्टी एकमताने मान्य झाल्या. ढोलकीवर मात्र पाऊण तास वाद झाला, आणि आश्चर्य म्हणजे तिला विरोध तरुणांनी केला. ती त्यांना गावंढळ वाटते. शेवटी संडे स्कूलच्या मुलांनी एक अभंग ढोलकीवर बसवावा आणि मग पाहावे, असे ठरले. वाचनानंतरची शांतता येत्या रविवारपासून सुरू करीत आहोत. पाळकसाहेबांच्या "शेवटी एवढेच सांगतो"बद्दल त्यांना कोणी सांगावे, हा विषय पुढील बैठकीवर ढकलला आहे.