आरईपीएल असताना कव्हरेज कशाला?

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत आरईपीएलवर (कोड टाकला की लगेच चालवून उत्तर दाखवणारा प्रॉम्प्ट) फंक्शन लगेच चालवून बघता येतं, मग कव्हरेज (चाचण्यांत कोडचा कोणता भाग चालला याची मोजणी) कशाला, असं काही जण म्हणतात, ते मला अर्धंच पटलं. आरईपीएलवर आपण आपल्याला सुचलेलंच चालवतो ना भाऊ! इकडे जळगावात केळीच्या विक्रीच्या पट्टीचा हिशोब लिस्पमध्ये आहे. दांड्याची कटती (घडाच्या दांड्यासाठी वजनातली वजावट) लावायच्या इफची, म्हणजे अटीची, एकच बाजू चाचण्यांत चालत होती, ते एसबीसीएल या लिस्प कंपायलरसोबत येणाऱ्या एसबी-कव्हर या कव्हरेज साधनाच्या रंगीत अहवालात दिसलं.

मात्र एसबी-कव्हरची स्टोअर-कव्हरेज-डेटा ही सेटिंग कोड कंपाइल करण्याआधी चालू करा. आधीच कंपाइल झालेल्या जुन्या फासल फायली लोड झाल्या तर अहवालात काहीच येत नाही. आणि मॅक्रोने (कोड तयार करणारा कोड) नव्याने बनवलेला कोड त्यात मोजला जात नाही, त्यामुळे मॅक्रोंचं काम फंक्शनांत काढून त्यांच्याच चाचण्या लिहिलेल्या बऱ्या.