डेल्टा दोन आहेत, गफलत तिथेच होते
लॅम्डा कॅल्क्युलस म्हणजे फलनं लिहिण्याची आणि चालवण्याची तर्कशास्त्रातली पद्धत. तिच्यातल्या नियमांना अल्फा, बीटा, ईटा ही नावं तिचा जनक चर्च यानेच दिली असं कुणीतरी म्हटलंय. तसं नाही. 1941च्या पुस्तिकेत अलोन्झो चर्चने नियमांना सरळ आकडे दिले होते: पहिला चलाचं नाव बदलण्याचा (आजचा अल्फा), दुसरा संक्षेपाचा, म्हणजे फलनाला दिलेली किंमत त्यात घालून पद सोपं करण्याचा, तिसरा त्याच्या उलट दिशेचा. म्हणजे आजचा बीटा तिथे दोन आणि तीन मिळून होतो, आणि ईटा (मिळालेली किंमत नुसती f ला देणारं फलन म्हणजे f च, हा नियम) त्या तिघांत नाहीच. ग्रीक अक्षरं रुळली ती तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करीच्या लिखाणातून.

पण नावांचा खरा त्रास मला डेल्टाने दिला. चर्चचा डेल्टा हा एक स्थिरांक: दोन पदं त्यांच्या अंतिम, म्हणजे आणखी सोप्या न होणाऱ्या रूपात सारखी आहेत का, एवढंच तो तपासतो. कॉक (आता रॉक) या, गणिती सिद्धता संगणकावर तपासणाऱ्या साधनात मात्र डेल्टा म्हणजे नावाच्या जागी त्याची व्याख्या ठेवणं. तिथे मी 'दुप्पट' नावाचं फलन लिहिलं होतं, n घेऊन n अधिक n देणारं. मग 'दुप्पट 3' वर फक्त बीटा चालवला आणि काहीही हललं नाही! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं, की बीटाला समोर उघडा लॅम्डा, म्हणजे फलनाची प्रत्यक्ष लिहिलेली व्याख्या लागते, आणि माझा लॅम्डा नावाआड दडला होता. आधी 'दुप्पट'पुरता डेल्टा, मग बीटा, की लगेच 3 अधिक 3. बेरीज तशीच राहते ती राहतेच. तिच्यासाठी आणखी डेल्टा आणि आयोटा (व्याख्येतला लागू पर्याय निवडण्याचा आणि पुनरावृत्ती उलगडण्याचा नियम) लागतात. त्यामुळे 'डेल्टा' वाचलं की आधी कुणाचा ते विचारावं लागतं.