यादीत बुलढाणाही लिहा

एकोणिसाव्या शतकातल्या धडाडीच्या बायकांची यादी इथं चालली होती. सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, आनंदीबाई अशी नावं आली आणि शेवटी एका भाऊंनी विचारलं, "वऱ्हाडातून कोणीच नाही का?" आहे ना. ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या सरकारी कचेरीत हेडक्लार्क.

१८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती अपिलात टळली, पण पेपरांतून समस्त बायकांच्याच चारित्र्यावर चिखल उडायला लागला. ताराबाई चिडल्या. १८८२ ला त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' छापलं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. मुद्दा एकच: जे दुर्गुण बाईला चिकटवता, ते पुरुषात नाहीत काय? बायको मेली की दुसरी करायला मोकळा, आणि नवरा मेला की बाईनं तोंड काळं करून कोपऱ्यात बसायचं, हा कुठला न्याय? भाषा घरची, तिखट. मुलींची शाळा नसलेल्या गावात वाढलेल्या बाईची.

टीका भरपूर झाली असावी, कारण जोतीराव फुल्यांना आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घ्यावी लागली. ताराबाईंनी नंतर दुसरं पुस्तक काढलं नाही. हे पुस्तकही विसरलंच गेलं. १९७५ मध्ये साहित्याचे अभ्यासक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं तेव्हा लोकांना कळलं.

मागच्या दिवाळीत कापूस वेचून आलेल्या मायला यातली दोन पानं वाचून दाखवली. म्हणते, "हे तं आपल्याच गावातलं लिवलं हाये."

नाव घालाल तेव्हा पुढं पुणे लिहू नका. पुस्तक तिथं छापलं, बाई आमच्याकडची.