मदत हवी आहे: शिडाच्या बोटीची केबिन तापते, हवा कशी खेळती ठेवू?

डोंगा_पवनी:
गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरला शिडाची फायबर बोट आहे, २२ फुटी. केबिनमध्ये दोघं झोपतील एवढी जागा. या उन्हात आत बसवत नाही. पुढची हॅच (डेकमधलं झाकणाचं भोक) आणि मागचं दार दोन्ही उघडं ठेवतो, तरी हवा हलत नाही. एसी-कूलर सांगू नका, बोटीवर वीज नाही. शनिवारी पाहुणे मुक्कामाला येणार, लवकर सांगा.

लाटवारा:
बोट लंगरावर असते की काठाला बांधलेली? हॅच केवढी, तिची बिजागरी पुढे की मागे? आणि त्रास दुपारचा की रात्रीचा? उपाय वेगवेगळे आहेत.

साकोलीकर:
टिनावर चुना मारा भाऊ. चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात दिले की खोलीत लगेच फरक जाणवतो.

लाटवारा:
साकोलीकर, इथे टिन नाही, फायबर आहे. चुना त्यावर धरत नाही आणि पहिल्या पावसात डेकवर घसरण होते.

डोंगा_पवनी:
काठाला बांधलेली. दुपारी पण, रात्री पण. हॅच दीड फूट चौरस, बिजागरी पुढे. मच्छरजाळी ताणून लावली आहे.

लाटवारा:
मग हवा येणार कुठून? लंगरावरची बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते. काठाला बांधली की ती एका दिशेला अडकते. आपल्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा. तुमच्या बोटीला तो कुशीवर लागत असेल तर पुढून मागे वाहणारच नाही. त्यात बिजागरी पुढे, म्हणजे उभं झाकण वाऱ्याच्या आड येतं. ते पूर्ण उलटून डेकवर आडवं टाका, नाहीतर बिजागरीची पिन काढून झाकणच उतरवा.

आता पुढच्या टोकाकडून एका लंगरावर राहा. दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडा. बुडित क्षेत्रात जुनी खोडं असतात, म्हणून लंगराच्या टाचेला वेगळी दोरी बांधून तिला रिकामा डबा लावा. अडकला तर उलटा ओढून निघतो.

मग हॅचवर वारापिशवी, म्हणजे वारा पकडून आत ढकलणारी कापडी पिशवी. छत्रीचं हलकं नायलॉन घ्या, ताडपत्री जड पडते, मंद वाऱ्यात फुगत नाही. तोंड चार फूट रुंद, साडेचार फूट उंच, वरच्या कडेला बांबूची काठी. पाठ आणि दोन्ही कुशी शिवायच्या, खाली निमुळतं करत हॅचच्या मापाला आणायचं. काठी शीड चढवायच्या दोरीने वर ओढा, खालचे चार कोपरे केबिनच्या आतून हुकांना ताणून बांधा. खालून ढिली राहिली तर नुसती फडफडते, हवा आत ढकलत नाही. मागच्या दाराच्या फळ्या सगळ्या काढा. बाहेर जायची वाट हॅचच्या दीडपट तरी हवी.

सौरऊर्जा_उमरेड:
एवढा खटाटोप काहून? १० वॉटचं पॅनल, १२ व्होल्टचे दोन पंखे, झालं काम.

लाटवारा:
रात्री पॅनल काय देणार? बॅटरी आली, चार्ज कंट्रोलर आला, वायर आली. त्यांनी वीज नको म्हटलंय.

सौरऊर्जा_उमरेड:
नाही म्हटलंय, नको नाही म्हटलं. वारा पडला की तुमची पिशवी लोंबकळते. बरं, पंखा नको तर उंच नळकांडं लावा, गरम हवा आपोआप वर जाते.

लाटवारा:
वारा पडल्यावर पंखा कामाचा, हे मान्य. नळकांडं मात्र नाही. चार फूट उंची आणि पाच अंशांचा फरक धरला तर ओढ सुमारे ०.२ पास्कल. ताशी १० किलोमीटरचा मंद वारासुद्धा ४ पास्कलच्या वर ढकलतो. वीसपट फरक आहे.

कुही_काठ:
पण दुपारी ४५ अंशांची लू आत घेऊन करायचं काय? गावात आपण दारं-खिडक्या लावूनच बसतो ना. बोट बंद ठेवा, संध्याकाळी उघडा.

वाळा_ताटी:
काका, गावची मातीची भिंत दीड हात जाड, ती दिवसभराचा ताप आत पोचू देत नाही. फायबर बोटभरसुद्धा जाड नसतं. बंद केलं तर आत बाहेरपेक्षा जास्त तापतं. आधी सावली करा: डेकपासून फूटभर वर पांढरं जाड कापड, मधून हवा जाईल असं, पश्चिमेची कड खाली सोडलेली. कापड डेकला टेकलं तर अर्धा फायदा गेला. मग वारापिशवीच्या तोंडाला ओली ताटी. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असली तर ओल्या कापडातून हवा जास्तीत जास्त २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकते. पातळ ताटीतून एवढं होत नाही, पण ३४-३५ झालं तरी माणूस टेकतो. ताटी वरून थेंब-थेंब भिजत ठेवा. कोरडी पडली की फक्त वारा अडवते. पावसाळा लागला की काढून टाका, दमट हवेत उपयोग शून्य आणि गाद्यांना बुरशी.

लाटवारा:
हे बरोबर. पिशवी मात्र अवकाळीचे ढग दिसले की लगेच उतरवा, सोसाट्यात काठी डोलकाठीवर आपटते. आणि जाळी हॅचवर ताणू नका, बारीक जाळी निम्मी हवा खाते. हॅचच्या तिप्पट मापाच्या जाळीची झोळी करून आत सोडा.

साकोलीकर:
मच्छरांचं मूळ जलपर्णी आहे. नाग नदीचं घाण पाणी कन्हानमधून वैनगंगेत येतं, ते थांबल्याशिवाय कितीही जाळ्या लावा.

कुही_काठ:
हौ, खरं आहे. इकॉर्निया (जलपर्णी) काढायला हवा, जाळं टाकता येत नाही.

वाळा_ताटी:
त्याचा वेगळा धागा काढा ना. डोंगा, इंजिनची पेट्रोल कॅन केबिनमध्ये ठेवता का? पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, तळाला साचते. वरची हॅच उघडी असली तरी ती निघत नाही. कॅन बाहेर ठेवा.

डोंगा_पवनी:
कॅन आतच होती, काढतो. लंगर आहे, कापड उद्या आणतो. ताटी वाळ्याचीच लागते का? इथे दुकानात कूलरच्याच मिळतात.

वाळा_ताटी:
कूलरची चालेल. फक्त दाबून घट्ट भरलेली घेऊ नका. उजेडाकडे धरा, आरपार दिसायला पाहिजे. मापाला कापल्यावर कड सुतळीने शिवा, नाहीतर भुसा पलंगावर गळतो.