ॲम्प्लिफायरमुळे बॅटरी उतरते आहे. आधी वायरिंग बदलावे की अल्टरनेटर?

नमस्कार मंडळी,

माझ्या पेट्रोल हॅचबॅकमध्ये दोन महिन्यांपूर्वी १२ इंची सबवूफर आणि १००० वॅट आरएमएसचा (म्हणजे सलग देता येणाऱ्या शक्तीचा) क्लास-डी (कमी वीज वाया घालवणारा) ॲम्प्लिफायर बसवून घेतला. सिंहगड रस्त्यावरून हिंजवडीला जाताना महामार्गावर गाडी धावत असते तोवर तक्रार नसते. परंतु वाकडच्या पुलाजवळ गाड्या खोळंबल्या आणि एसी चालू असला, की बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावतात. गेल्या आठवड्यात आईला डॉक्टरांकडे न्यायचे असताना गाडी सुरूच झाली नाही, तेव्हापासून मी आवाज बंदच ठेवला आहे.

मल्टिमीटर लावून पाहिले. इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) असताना, सगळे बंद ठेवल्यास बॅटरीवर १४.२ व्होल्ट मिळतात. एसी, दिवे आणि मोठा आवाज एकत्र चालू केल्यास तेथे १२.३ आणि ॲम्प्लिफायरच्या टोकांवर ११.४ इतकेच उरतात. म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारे जनित्र) अपुरा पडून बॅटरी खर्ची पडते आहेच, शिवाय वाटेत ०.९ व्होल्ट वाया जातात. वायर तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली आणि ॲम्प्लिफायरचे अर्थिंग (गाडीच्या बॉडीला जोडायची वायर) रंग न खरवडता, सीटच्या बोल्टला जोडलेले आहे. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज आहे, एवढे तरी नीट झाले आहे.

८० टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण क्षमतेला १२५० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ९० अँपिअर लागतील. संगीताची सरासरी मागणी याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही बहुधा कमी असते, हे मान्य. पण माझा अल्टरनेटर ७५ अँपिअरचा आहे आणि आयडलवर तो तेवढे देतच नाही.

नाना पेठेतील एका दुकानात १ फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून ती झटकन देणारा भाग) सुचवला. १४ वरून १२ व्होल्टपर्यंत उतरताना तो जेमतेम २६ जूल देतो, म्हणजे १२५० वॅटला सेकंदाचा पन्नासावा भाग, त्यामुळे तो घेण्याचा माझा विचार नाही. त्याऐवजी अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तिन्ही वायरी शुद्ध तांब्याच्या, जाड घालायच्या, ॲम्प्लिफायरची वायर व अर्थिंगही बदलायचे, आणि मग पुन्हा मोजायचे, असे ठरवले आहे.

वायरिंगनंतरही आयडलवर व्होल्टेज १३ च्या खाली राहिले, तर थेट मोठा अल्टरनेटर बसवावा का? एजीएम बॅटरी (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी) घेतल्यास, उष्णता तिला मानवत नसल्याने, एप्रिल-मेमध्ये ती बॉनेटखाली टिकते का? ज्यांनी पुण्यात हे काम करून घेतले आहे, त्यांनी आधीचे आणि नंतरचे व्होल्टेज सांगितले, तर फार मदत होईल.