अनुभव धागा: इंग्रजीचे काळ नेमके कुठे फसतात?

यवतेश्वर
आज पोवई नाक्यावर एका क्लासच्या फलकावर 'बारा काळ, बारा दिवस' असं वाचलं आणि शाळेच्या भिंतीवरचा तो तक्ता आठवला. तीन ओळी, चार रकाने, प्रत्येक चौकटीत 'जाणे'चं एकेक रूप. तक्ता बरोबरच असतो, पण त्यातला चौथा रकाना आपल्या मराठीशी जुळत नाही हे कुणी सांगत नाही. आपले चार म्हणजे साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. इंग्रजीचे पहिले तीन तसेच, चौथा मात्र चालू-पूर्ण. मग मुलं रीती काळ कुठेतरी कोंबतात. 'मी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जात असतो' याचं 'आय ॲम गोइंग डेली' होतं. हवं साधं 'आय गो'. आपला रीती वर्तमानकाळ इंग्रजीत साध्या वर्तमानातच मुरलेला आहे. रीती भूतकाळाला, म्हणजे 'जायचो, जात असे' याला, 'यूज्ड टू गो'. तेही सुटलेल्या सवयीलाच. आजही जात असाल तर 'आय यूज टू गो' चालत नाही.
शिकवताना, अर्ज तपासताना, मुलाखतीच्या तयारीत मुलं कुठं अडकतात ते लिहा. उदाहरण द्याच.

हळदपेठ
गेलो होतो!! सगळ्यात मोठी गोची तीच.
'काल कराडला गेलो होतो' याचं दहातले नऊजण 'आय हॅड गॉन टू कराड येस्टरडे' करतात. शब्दाला शब्द बसतो म्हणून संशयच येत नाही. आपल्या 'होतो'चा अर्थ जाऊन परत आलो, विषय संपला. इंग्रजीतला 'हॅड' एकटा उभा राहत नाही, त्याला भूतकाळातली दुसरी घटना लागते आणि तो तिच्याही आधीचं सांगतो. एकच घटना असेल तर 'आय वेन्ट टू कराड येस्टरडे', बस्स.
पारख अशी: वाक्यापुढे 'आणि त्यानंतर काय घडलं?' विचारायचं. उत्तर त्याच बोलण्यात असेल तर हॅड ठेवा, नसेल तर काढा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धरण बांधून झालं होतं. इथं दोन घटना आहेत, धरण आधी, भूकंप नंतर. म्हणून 'व्हेन द अर्थक्वेक स्ट्रक, द डॅम हॅड ऑलरेडी बीन बिल्ट'. वाक्यात बिफोर किंवा आफ्टर असेल तर क्रम त्यातूनच कळतो, तिथं हॅड नसला तरी बिघडत नाही.

वाईची लेक
हळदपेठ दादा, हे वाचून चार वाक्यं मनात दुरुस्त केली 🙏

माहुलीघाट
माझं एकच. डिड नॉट वेन्ट.
काळाचं ओझं एकाच क्रियापदानं उचलायचं. डिड आला की त्यानं उचललं, पुढचं मोकळं: डिड नॉट गो. डझ पण तसंच, 'डझ ही गोज' नाही, 'डझ ही गो'. तो एस डझमध्येच गेलाय. 'यूज्ड टू'लाही हेच, प्रश्नात 'डिड यू यूज टू' असं डी काढून लिहायचं.
कुकर झालाय, येते.

मिरजकर
आपण भूतकाळ भविष्यासाठी वापरतो ते कुणी लिहिलंच नाही अजून. 'आलोच', 'हे बघ निघालो', 'बस आली की फोन करतो'. यातलं काहीच घडलेलं नसतं. आलोचं 'आय केम' केलं तर ऐकणारा दार उघडून बघेल. 'आय ॲम कमिंग', 'आय ॲम जस्ट लीव्हिंग'.
'बस आली की' हे जास्त अवघड. हुशार पोरं म्हणतात ही पुढची गोष्ट, म्हणून 'व्हेन द बस विल कम'. तेही चूक. व्हेन, इफ, अनटिल, ॲज सून ॲज यांनी सुरू होणाऱ्या वेळेच्या किंवा अटीच्या तुकड्यात विल येत नाही, साधा वर्तमानकाळ येतो. विल दुसऱ्या तुकड्यात: 'व्हेन द बस कम्स, आय विल कॉल यू'. 'पाऊस पडला तर जाणार नाही' म्हणजे 'इफ इट रेन्स, आय वोन्ट गो'. 'पडला असता तर' असेल तेव्हाच 'इफ इट हॅड रेन्ड'. पण 'बस कधी येईल माहीत नाही' यात व्हेन अटीचा नाही, प्रश्नाचा आहे. तिथं विल बरोबर: 'आय डोन्ट नो व्हेन द बस विल कम'.

कंदीपेढा
मिरजकर, बसवरून आठवलं, स्वारगेटहून सातारला रात्री शेवटची विनाथांबा कितीला असते? पाहुणे यायचेत.

मिरजकर
वेळ बदलत असते, स्टँडवर फोन करून विचारा. (बघा, 'बदलत असते', रीती आला. 'द टायमिंग चेंजेस'.)

कंदीपेढा
😀 बरं. येताना पेढे नको म्हणावं, इथलेच देऊ.

कृष्णाकाठ सांगली
नोकरीच्या अर्जांबद्दल. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स २०१९' हे इतकं रुळलंय की बरोबर वाटतं. मराठीत '२०१९ पासून काम करतोय' हा वर्तमानकाळ, म्हणून आपण ॲम वर्किंग लावतो. इंग्रजीत मागे सुरू होऊन अजून चालू आहे म्हटलं की 'आय हॅव बीन वर्किंग'.
दुसरा घोळ 'पासून'चा. आपल्याला '२०१९ पासून' आणि 'पाच वर्षांपासून' दोन्हीकडे तोच शब्द, म्हणून दोन्हीकडे सिन्स पडतो. कॅलेंडरवर बोट ठेवता येतं तिथं सिन्स, मोजता येतं तिथं फॉर. सिन्स मंडे, फॉर टू डेज. रजेच्या अर्जात 'आय ॲम हॅविंग फीवर सिन्स टू डेज' असतं त्यात तीन चुका आहेत. 'आय हॅव हॅड फीवर फॉर टू डेज' लिहा.

वाईची लेक
तीन कशा? दोन दिसल्या.

कृष्णाकाठ सांगली
ताई, एक सिन्स. दोन, ॲम, कारण ताप मागच्या दिवसांपासून आहे. तीन, हॅविंग. ताप असणं, भाऊ असणं, माहीत असणं, आवडणं या स्थिती आहेत, कृती नाहीत, त्यांना सहसा आयएनजी लागत नाही. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नोइंग' नाही. जेवण ही कृती, म्हणून 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर.

यवतेश्वर
यालाच जोडून. हॅव असलेल्या वाक्यात संपलेली तारीख घालायची नाही. 'कर्मवीर भाऊराव पाटील हॅज फाउंडेड रयत शिक्षण संस्था इन १९१९' असं निबंधात हमखास येतं. तारीख आली की साधा भूतकाळ, फाउंडेड. संस्था आजही आहे, म्हणून तिच्याबद्दल 'हॅज वर्क्ड सिन्स १९१९' चालेल. कास २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं, त्याचंही तसंच: 'वॉज लिस्टेड इन २०१२', पण 'हॅज बीन ऑन द लिस्ट सिन्स २०१२'. एकच गोष्ट, दोन काळ. मुलांना ही जोडी शेजारी शेजारी लिहून द्यावी.

सांगलीवाडी
पुराच्या दिवसांत बाहेरच्या लोकांना इंग्रजीत निरोप जातात तिथं काळ चुकला तर खरंच गोंधळ होतो ओ. आयर्विन पुलाजवळचं पाणी घ्या. 'द वॉटर इज रायझिंग' म्हणजे आत्ता चढतंय. 'हॅज रिझन टू फीट सिन्स मॉर्निंग' म्हणजे सकाळपासून दोन फूट चढलं, मोजणी आत्तापर्यंतची. 'रोझ टू फीट लास्ट नाइट' म्हणजे रात्रीची गोष्ट, आत्ताचं काही कळत नाही. 'हॅड रिझन' लिहिलं तर वाचणारा समजणार की पुढं काहीतरी झालं, बहुतेक उतरलं. धोका पातळी ४५ फूट. 'इट हॅज क्रॉस्ड ४५ फीट' आणि 'इट हॅड क्रॉस्ड ४५ फीट' यातल्या एका अक्षरावर माणूस सामान वर चढवायचं की नाही ते ठरवतो. म्हणून पातळी, वेळ आणि हॅज, तिन्ही तपासून पाठवा.

हळदपेठ
सांगलीवाडी, हे फार मोलाचं लिहिलंत. २०१९ च्या ऑगस्टनंतर हे सगळ्या गटांवर फिरायला हवं होतं.

माहुलीघाट
परत आले. बोललेलं सांगताना 'तो म्हणाला मी येतो' आपण तसंच ठेवतो. इंग्रजीत सेड आला की पुढचं एक पायरी मागं: 'ही सेड ही वुड कम'. विलचं वुड, इजचं वॉज, हॅजचं हॅड. हळदपेठ यांच्या हॅडला इथं हक्काची जागा आहे, सेड ही दुसरी घटना असतेच. कायम खरं असेल ते हलवलं नाही तरी चालतं: 'शी सेड द कृष्णा फ्लोज थ्रू सांगली'.

विट्याचा
उच्चाराचं कुणीतरी लिहा की. पोरं वर्केड म्हणतात.

मिरजकर
शेवटी ट किंवा ड चा आवाज असेल तरच इड: वॉन्टिड, नीडिड. क, प, स, श, च, फ नंतर ट: वर्क्ट, वॉश्ट. बाकी ड: प्लेड, कॉल्ड. आणि रीड लिहितात तसंच, भूतकाळात वाचायचं रेड.

विट्याचा
लिहून घेतलं. लाय आणि ले चं पण टाका ना रात्री.