फोर्कलिफ्टने पाय चेपला, ठेकेदार म्हणतो घरी पडलो सांग

फोंड्याची_मी: माझा मावसभाऊ वेर्ण्याला एका कंपनीत ठेकेदाराकडून लोडिंगला लागलाय, नवीनच आहे अजून. सोमवारी फोर्कलिफ्ट वळताना त्याचा पाय रॅकच्या खांबाला चेपला, हाड मोडलंय. ठेकेदाराने प्रायव्हेटमध्ये नेलं, बिल भरलं, आणि आता म्हणतो ईएसआयला (सरकारी कामगार विम्याच्या हॉस्पिटलात) गेलास तर बाथरूममध्ये घसरलो सांग, नायतर गेटपास बंद. मावशी म्हणते बिल भरलं ना, गप्प बस. पगारातून ईएसआय कापतात. काय करायचं?

स्टोअरवाला: बिल भरून त्याने स्वतःची मान सोडवली गो. घरी पडला असं केस पेपरवर आलं की ते साधं आजारपण, त्यात पगाराच्या ७० टक्के आणि तेही आधी ७८ दिवसांची वर्गणी असली तरच, म्हणजे नवीन पोराला भोपळा. कामावरची दुखापत असली तर नोकरीच्या पहिल्या दिवसापासून हक्क, ९० टक्के, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत. पाय कायमचा अधू राहिला तर मेडिकल बोर्ड तपासून ठरवतं, ते पैसे वेगळे. अपघाताचा फॉर्म १२ मालकाने भरायचा असतो, ठेकेदार भरत नसेल तर कंपनीच्या एचआरला तारीख, वेळ, साक्षीदार घालून आजच मेल टाका. माणूस ४८ तास कामावर येऊ शकला नाही की फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, लपवालपवी त्यासाठीच चाललीय.

कुंडईचो_ऑपरेटर: फोर्कलिफ्टचं स्टीअरिंग मागच्या चाकांवर असतं, तोंड डावीकडे वळवलं की शेपूट उजवीकडे भस्सकन बाहेर येतं, बाजूला उभ्या असलेल्याला वाटतं गाडी लांब जातेय आणि तेवढ्यात चेपतो. आता सगळं ऑपरेटरवर ढकलतील बघा. पण लोडर आणि गाडी एकाच गल्लीत सोडली कोणी, चालायची पट्टी मालाने भरलेली कोणी, ते विचारा ना. आमच्याकडे पावसात शेडखाली माल घुसवतात तेव्हा हाच तमाशा.

डिचोलीकर: सगळं खरं, पण गेटपास गेला तर घर तुम्ही चालवणार काय?

स्टोअरवाला: दुखापतीचे पैसे चालू असताना कामावरून काढता येत नाही, कायद्यात आहे. नंतरची गॅरंटी कोणीच देणार नाही, ते खरं. पण खोटं बोलूनसुद्धा हा ठेकेदार मोडक्या पायाच्या लोडरला ठेवील असं वाटतं तुला? आणि सेफ्टी शूज नव्हते म्हणून घाबरवतील, त्याने हक्क जात नाही.

फोंड्याची_मी: शूज नव्हतेच, चपलेवर होता, दिलेच नव्हते. सोबतचा एक पोरगा साक्ष द्यायला तयार आहे. मेल टाकला, उद्या मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात नेतोय. प्रायव्हेटचे एक्सरे चालतील ना?

स्टोअरवाला: घेऊन जा सगळे, डिस्चार्ज कार्डवर कारण काय लिहिलंय ते आधी वाच.